बिरनाळेसाहेबांची क्लिपलेस

"पेडल कोणती लावू तुम्हाला? फ्लॅट की क्लिपलेस?"

फोनवर बिरनाळेसाहेब होते. आवाज असा, की धरणाचे दरवाजे किती उघडायचे तेच विचारतायत. मी आमच्या मंडपाच्या गोडाऊनमध्ये कनातींच्या थप्पीवर बसून चहा पीत होतो.

क्लिपलेस म्हंजे काय, हे तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. पण समोरचा माणूस म्हंजे माझ्या पोरीला सांगून आलेल्या स्थळाचा, पोराचा बाप. त्याच्यापुढं अडाणी कशाला दिसायचं? आणि एवढं इंग्रजी मलाबी येतंय. वायरलेस म्हंजे वायर नसलेलं, सीडलेस म्हंजे बी नसलेलं. तवा क्लिपलेस म्हंजे क्लिप नसलेलं. त्यात विचारायचं काय?

"क्लिपलेसच लावा साहेब," मी म्हणलं. "मला अडकवून घ्यायची सवय न्हाई. माणसाचा पाय कसा मोकळा पाहिजे."

पलीकडनं जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मला वाटलं फोन कटला.

"बरं," ते म्हणाले. "बुटाचा नंबर?"

"आठ."

"रविवारी सकाळी या. वाघजाईच्या पठारावर." आणि फोन ठेवला.

मी सुकुमार मगदूम. जयसिंगपुरात मंडप डेकोरेशनचा धंदा. पण गावाला माझी ओळख धंद्यामुळं नाही, खोड्यांमुळं. पोस्टमन बाबू खोताच्या सायकलीची घंटी काढून मी त्याच्याच बकरीच्या गळ्यात बांधली होती. मेव्हण्याच्या साखरपुड्यात माईक चालू ठेवून त्याला विचारलं होतं, "सासरा कसा वाटतोय रे?" तो मेव्हणा अजून माझ्याशी बोलताना आधी इकडंतिकडं माईक बघून घेतो. साखर वाढली म्हणून डॉक्टरनं चालायला सांगितलं, तर मी जाड टायरची सायकल घेतली आणि चाळिशी उलटल्यावर टेकाडं उतरायला लागलो. चालण्यात कुणाची खोडी काढता येत नाही. सायकलवर निदान पळून जाता येतं.

ही गोष्ट आठ-नऊ वर्षांमागची. त्रिशला, माझी एकुलती एक पोरगी, तवा पुण्यात नोकरीला होती. बिरनाळ्यांचा श्रेणिक तिथंच. मध्यस्थानं स्थळ आणलं, पोरं एकमेकांना भेटली, आवडली. मग आम्ही तिघं, म्हंजे मी, बायको सुलोचना आणि त्रिशला, कोल्हापूरला घर बघायला गेलो.

घर झकास. स्वच्छ, उजेडाचं. पण त्या घरात कुणी हसतच नव्हतं. भूपाल बिरनाळे पाटबंधारे खात्यातनं रिटायर झालेले, इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीचा चेहरा. त्यांच्या बायको कमलताई, त्यांचा चेहरा नवऱ्यापेक्षा एक इस्त्री जास्त. मी चहाच्या आधी एक विनोद टाकला. गेला वाया. पोह्यांबरोबर दोन टाकले. कमलताई म्हणाल्या, "लिंबू देऊ?" श्रेणिक खाली मान घालून बसलेला. मी माझा हुकमी किस्सा काढला, बकरीचा. तो ऐकून बिरनाळेसाहेब गंभीरपणे म्हणाले, "बकरी कोणत्या जातीची होती?"

त्रिशला माझ्या शेजारी ओठ आत घेऊन बसली होती. तिचं हसू म्हंजे साधं नाही. आमच्या गल्लीत ती हसली की पलीकडचा पिठाच्या गिरणीवाला विचारतो, काय झालं. त्या दिवशी तिनं ते दाबून धरलं, डोळ्यांत पाणी यायची वेळ आली.

परत येताना गाडीत ती म्हणाली, "आप्पा, श्रेणिक मला आवडतो. पण माझं हसू त्या घरात चालेल का?"

"पोरगा हसतोय की तुझ्यासंगं," सुलोचना म्हणाली. "आणि घरंदाज माणसं आहेत. उगं दात काढत बसत न्हाईत तुझ्या बापासारखी."

"पुण्यात हसतो गं. आईबाबांसमोर नाही हसला. मला जन्मभर असं ओठ दाबून नाही बसता येणार." मग माझ्याकडं वळली. "आप्पा, तुम्ही एकदा एकटे त्यांना भेटा. तुम्हाला माणसातलं कळतं. तुम्ही हो म्हणा, मी हो म्हणते. तुम्ही नाही म्हणालात तर श्रेणिकला मी सांगीन."

आजवर कुणी मला एवढं गंभीर काम दिलं नव्हतं. मी बिरनाळेसाहेबांना फोन केला, म्हणलं, श्रेणिक सांगत होता तुम्ही सायकलवर डोंगर उतरता, मलाबी न्या की एकदा. उतारावर माणूस लपत नाही. तिथं तोंडाची इस्त्री टिकत नाही, असा माझा हिशेब. त्यावर त्यांचा तो पेडलचा फोन आला.

रविवारी पोचलो. पन्हाळ्याच्या मागच्या अंगाला हे वाघजाईचं पठार. वर गवत, पुढं कड्यावरनं खाली उतरणारी दगडगोट्यांची पायवाट, पार खाली डांबरी रस्ता. बिरनाळेसाहेब गुडघ्याला पॅड, कोपराला पॅड बांधून उभे. शेजारी दोन सायकली. एक त्यांची, एक श्रेणिकची, माझ्यासाठी.

"नमस्कार, मगदूम. हे बूट."

आठ नंबरचे, बरोब्बर. तळाला एक लोखंडी चकती. मी म्हणलं, असंल ग्रीप-बीप. घातले. त्यांनी माझ्या पॅडचे पट्टे स्वतः ओढून बघितले, हेल्मेटचा बंद हनुवटीखाली बसवला. आमच्या लग्नात नवरदेवाला फेटा बांधतात, तेवढ्या निगुतीनं.

"आधी या गवतावर एक चक्कर मारा," ते म्हणाले. "पाय पेडलवर ठेवा. दाबा."

दाबला. खटक् आवाज आला.

"दुसरा."

खटक्.

"काय झालं वो?"

"बसला. चला."

चाललो. आणि खोटं कशाला सांगू, काय वाटलं म्हणता. पाय माझे राहिलेच नाहीत, सायकलीचे झाले. पाय खाली ढकलला की पुढं, वर ओढला तरी पुढं. गवतावरनं मी वाऱ्यासारखा गोल फिरलो. मनात म्हणलं, साहेब असू दे इस्त्रीचा, पण क्लिपलेस नावाची चीज एक नंबर.

"थांबा," बिरनाळेसाहेब म्हणाले.

मी थांबलो. ब्रेक दाबला, सायकल उभी राहिली, आणि मी पाय टेकायला गेलो. पाय आला नाही. दुसरा बघितला. तोबी आला नाही.

तुम्ही मंडपाचा खांब पडताना बघितलाय का? दोर सुटल्यावर तो एकदम पडत नाही. आधी जरा विचार करतो. मग सावकाश, मान राखून, एका अंगाला झुकतो. मी तसा झुकलो. खाली जाता जाता मला पठार दिसलं, पन्हाळा दिसला, आभाळ दिसलं आणि बिरनाळेसाहेबांचे बूट दिसले. धप्प.

आडवा. सायकल पायाला तशीच चिकटलेली, जत्रंतल्या घोड्यावरनं घोड्यासकट पडावं तशी. बायकोला हे दिसायला पाहिजे होतं, असं डोक्यात आलं आणि मला हसू फुटलं. आयुष्यभर मी लोकांना पाडलं, आणि आज मी असा पडलो, की कुणी धक्कासुद्धा दिला नाही. पोट धरायला हात मोकळे होते तेवढं बरं. मी हसलो, हसलो, नाकात गवत गेलं तरी हसत होतो.

वर बघतो तर बिरनाळेसाहेब उभे. चेहरा म्हंजे रविवारचं सरकारी ऑफिस. शटर बंद.

"टाच बाहेरच्या बाजूला फिरवा," ते म्हणाले.

फिरवली. सुटला. दुसरी फिरवली. सुटला.

"काय वो साहेब, क्लिपलेस म्हणला होता की."

"क्लिपलेसच आहेत."

"मग मी अडकलो कशाला?"

"पूर्वी पेडलवर पुढं पिंजरा असायचा, त्याला चामड्याचा पट्टा. त्याला क्लिप म्हणत. ती काढून टाकली आणि बुटाखाली हे कुलूप आलं. क्लिप गेली, म्हणून क्लिपलेस."

"म्हंजे जेलची भिंत पाडली, कैद्याला बेड्या घातल्या, आणि नाव ठेवलं भिंतलेस."

यावर तर एखादा दगडसुद्धा हसला असता. ते म्हणाले, "साधारण तसंच."

तिथं मी ठरवून टाकलं. माणूस डोळ्यांदेखत बोचक्यासारखा पडला, वर एवढा फक्कड विनोद झाला, आणि या गृहस्थाची मिशीसुद्धा हलली नाही. न्हाई बाबा. आमची पोरगी इथं नको. मनातल्या मनात मी त्रिशलाला फोनसुद्धा लावला: बाळ, सांग त्याला. आणि जीव असा खाली गेला, की पडण्याचं काहीच वाटंना. श्रेणिकचं नाव घेताना तिचा आवाज कसा होतो, ते मी ऐकलेलं होतं.

"मला ही पेडलं काढून द्या," मी म्हणलं. "साधी असतील तर लावा, न्हाईतर मी चालत उतरतो."

बिरनाळेसाहेबांनी पाठीवरची सॅक काढली. आतनं एक पान्हा काढला. मग फडक्यात गुंडाळलेली दोन चपटी पेडलं काढली. मग आठ नंबरचे दुसरे बूट काढले, सपाट रबरी तळाचे.

मी त्या बुटांकडं बघत राहिलो.

इथं तुम्हाला धंद्यातली एक गोष्ट सांगायला पाहिजे. मंडपाच्या धंद्यातली नाही, खोडीच्या. ज्याला खोडी कळते, तो उताऱ्याची सोय आधी करतो. मी ज्याची ज्याची चप्पल लपवली, त्याच्या मापाची दुसरी चप्पल माझ्या पिशवीत असायची. बाबू खोताला त्याच दिवशी संध्याकाळी नवी घंटी मीच बसवून दिली. नुसता त्रास द्यायचा असतो, तो माणूस मोकळ्या हातानं येतो.

"साहेब," मी म्हणलं, "ही फ्लॅट पेडलं सॅकमध्ये कवा घातली?"

"सकाळी." ते खाली बसून पेडल सोडवत होते, माझ्याकडं पाठ करून.

"क्लिपलेस बसवायच्या आधी का नंतर?"

"आधी."

 खोडी काढणाऱ्याला कधी गप्प बसायचं ते कळतं. नजर फिरवली तर गवताच्या कडंला, मी पडलो त्या जागेपासनं चार पावलांवर, दगडांचा एक लहानसा ढीग दिसला. ओल्या मातीचे, ताजे उपटलेले दगड. आणि मी पडलो होतो त्या सगळ्या गोल पट्ट्यात एक खडा नाही. भोवतीच्या गवतात पाय ठेवीन तिथं दगड, आणि तेवढ्यातच नाही.

"हे दगड कुणी वेचले वो?"

 मी त्यांच्या पाठीकडं बघत होतो. इस्त्रीच्या शर्टाची ती पाठ हलत होती. आधी खांदे, मग मान, आणि दोन्ही कान जास्वंदीसारखे लाल. आवाज काहीसुद्धा नाही. पान्हा हातातनं गवतात पडला, तो उचलायचं त्यांना सुधरेना. हा माणूस हसत होता. पाठमोरा, मुका, आतल्या आत, पण असा हसत होता की पेडलचा स्क्रू सापडत नव्हता.

आम्ही त्या दिवशी त्यांच्या घरी सगळ्यांच्या समोर बसलो होतो. पाठी बघितल्याच नव्हत्या.

जरा वेळानं ते वळले. चेहरा पुन्हा कडक, फक्त डोळे ओले.

"फोनवर तुम्ही म्हणालात, अडकवून घ्यायची सवय नाही, क्लिपलेसच लावा. तेव्हाच लक्षात आलं. सांगणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं." त्यांनी पान्हा उचलला. "पण अशी संधी पुन्हा येत नाही, मगदूम. त्या दिवशी मला आरशात स्वतःकडं बघवत नव्हतं. स्प्रिंग पूर्ण ढिली केली होती, पाय लगेच सुटावा म्हणून. काल येऊन जागा बघून गेलो."

"आणि दगड?"

"तुम्ही कोणत्या अंगाला पडाल ते ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "म्हणून सगळीकडचे वेचले."

देवळात मी हात जोडतो, पण कधी कधी डोकं दुसरीकडं असतं. त्या दगडांच्या ढिगाला मात्र मी मनापासनं हात जोडले. साहेबांना वाटलं मी चेष्टा करतोय. वाटू दिलं.

फ्लॅट बसवून झाल्यावर त्यांनी उतार दाखवला. "आता खरं सांगतो, नीट ऐका. खाली दगड सलग आहेत. अडकलेला पाय पेडलवरनं उडत नाही. मोकळा पाय उडतो, पण गरजेला लगेच जमिनीला लागतो. दोन्हीची किंमत आहे." पँट वर करून त्यांनी नडगी दाखवली, फ्लॅटवरच्या टोकदार पिनांनी सोललेली, जुने पांढरे ओरखडे. मग पॅड सरकवून, बाही वर करून कोपर दाखवलं, तिथं टाक्यांची रेघ. "हे फ्लॅटचं. हे क्लिपलेसचं, पाय वेळेवर सुटला नाही त्या दिवसाचं. मी आता अडकवूनच उतरतो, माझी टाच आपोआप फिरते. तुमची फिरणार नाही. तरी निवडायचं तुम्ही."

"एका दिवसात एकदाच अडकायचं, असा माझा नेम आहे," मी म्हणलं. "फ्लॅट."

"शहाणे आहात."

"तसं माझ्या बायकोला लिहून द्या."

ते लगेच वळले, सायकल बघायचं निमित्त करून. पाठ हलली.

उतरलो. ते पुढं, मी मागं. दगडांवरनं सायकल अशी उडत होती, की दात एकमेकांवर वाजत होते. पेडलवरनं माझा उजवा पाय दोनदा उडाला, पिनांनी नडगी घेतली, मी कळवळलो आणि परत पाय ठेवला. मधल्या वळणावर मुरूम होता, भुसभुशीत. मागचं चाक कड्याच्या अंगाला घसरलं. विचार करायला वेळच नव्हता. डावा पाय आपणहून खाली गेला, जमिनीत रुतला, सायकल त्याच्याभोवती फिरली आणि उभी राहिली. अडकलेला असता, तर सायकलीसकट मी कुठं गेलो असतो ते मी खाली वाकून बघितलं. मग बघायचं बंद केलं.

पुढं बिरनाळेसाहेब थांबले होते, सायकल टाकून माझ्याकडं चढत येत होते. चेहऱ्याची सगळी इस्त्री गेलेली.

"लागलं?"

"न्हाई. तुमची फ्लॅट पावली."

त्यांनी माझा खांदा धरला. धरूनच ठेवला थोडा वेळ. 

खाली डांबरी रस्त्याला त्यांची जीप उभी होती आणि जीपजवळ कमलताई, डबा घेऊन. मी हेल्मेट काढलं. केसांत गवत होतं. त्यांनी ते बघितलं, पण मला काही विचारलं नाही. नवऱ्याला विचारलं.

"पडले?"

"पडले."

"हसले?"

"हसले. उठायच्या आधीच."

"किती?"

"नाकात गवत गेलं तरी."

कमलताईंनी मान हलवली, जीपच्या बॉनेटवर फडकं अंथरलं आणि डबा सोडायला लागल्या. "मगदूमदादा, राग मानू नका. श्रेणिक म्हणाला होता, त्रिशलाचे वडील अख्ख्या गावाची टर उडवतात. मी यांना म्हणलं, उडवू देत, पण स्वतःची उडाल्यावर काय करतात ते बघून या. माझ्या माहेरी एक काका होते. सगळ्यांना हसायचे. त्यांना कुणी हसलं की मग घरात जेवण व्हायचं नाही." भाकरीवर त्यांनी ठेचा वाढला. "पोराला तसलं घर नको होतं."

"म्हंजे तुम्ही माझी परीक्षा घेतली."

"घेतली."

"ताई, मीबी तुमची घ्यायलाच आलो होतो."

 मग मी सांगून टाकलं. त्रिशला गाडीत काय म्हणाली ते, ओठ दाबून कशी बसली होती ते, तिचं हसू किती मोठं आहे ते, गिरणीवाल्यासकट.  "ती विचारती, माझं हसू तिथं चालंल का. तुमच्या घरात कुणाला हसताना बघितलंच न्हाई आम्ही."

कमलताईंनी नवऱ्याकडं बघितलं. बिरनाळेसाहेबांनी रस्त्याकडं.

"आमच्यात तसं मोठ्यानं कुणाला येत नाही," कमलताई म्हणाल्या. "यांना नाही, मला नाही, श्रेणिकलाही लहानपणापासनं नाही. आम्ही आपले वळतो." मग हात पुसून म्हणाल्या, "ऐकवा की तिचं."

"आत्ता?"

"आत्ता. फोन लावा."

लावला. स्पीकरवर टाकला. त्रिशलानं पहिल्या घंटीलाच उचलला, म्हंजे हातात घेऊनच बसली होती. "आप्पा? काय झालं? सांगा ना."

"पडलो," मी म्हणलं.

"पडलात? कुठं? कसे?"

"उभ्या सायकलवरनं. क्लिपलेस म्हंजे क्लिप नसते असं वाटलं मला. पाय कुलपात गेले. खांबासारखा आडवा झालो, बिरनाळेसाहेबांच्या बुटांपुढं. जत्रंतल्या घोड्यावरनं पडावं तसं, घोड्यासकट."

 मग सुरू झालं. आधी एक हुंकार, मग तो फुटला, आणि मग ती थांबेचना. मध्येच "घोड्यासकट" म्हणायची आणि पुन्हा सुरू. फोनमधनं ते हसू रस्त्यावर आलं, जीपच्या टपावर गेलं. समोरनं सायकलवर दुधाच्या किटल्या नेणारा माणूस पाय टेकून थांबला आणि आमच्याकडं बघून हसायला लागला.

बिरनाळेसाहेबांनी माझ्या हातातनं फोन घेतला, दोन्ही हातांनी, सांडंल म्हणून धरावा तसा. कमलताई जवळ सरकल्या. दोघं त्या फोनवर वाकून ऐकत उभे राहिले. कमलताई एकदा वळायला गेल्या, पदर तोंडाकडं गेला, पण मग वळल्या नाहीत.

पलीकडं त्रिशला धापा टाकत म्हणाली, "आप्पा? आहात का तुम्ही?"

फोन साहेबांच्या हातात होता. मी हात पुढं केला, पण फोन त्यांनी दिला नाही.

"आहेत इथंच," ते म्हणाले. "तू हस."